थांबा हं

६ जानेवारी

ताई,

मायना वगैरे लिहीत बसत नाही. 'ती. ताईस सा. न.' असं लिहायला घेतलं की शाळेची निबंधाची वही आठवते, आणि वही-पुस्तकांचा विषय सध्या आपल्या घरात कोणी काढत नाही.

काम एवढंच. महिनाअखेरच्या रविवारी आमच्या फुटबॉल संघाचा सामना तुमच्या गावात आहे. आम्ही समर्थकांनी मिळून बस केली आहे. मी येतोय. तुझ्या घरी उतरणार नाही. सामना बघायचा आणि त्याच बसने परत. आईने तुला माझ्या मागे लावलं असेल तर तिला कळव, की मी टायरच्या दुकानात वेळेवर जातो, दोन्ही वेळा जेवतो, आणि कॉलेज सोडल्याने आजवर कोणी मेलेलं नाही.

आता विचारतो त्याची नीट उत्तरं दे. पाहुण्या संघाच्या लोकांना बसायला छप्पर आहे का? तिकीट दारावर मिळतं की आधी काढावं लागतं? ढोल आत नेऊ देतात का? आणि माईकवर बोलायला अजून तीच असते का? कोण ते तुला माहीत आहे. तुझ्याच गल्लीच्या तोंडाशी घर आहे तिचं.

तुझा
भाऊ


११ जानेवारी

चिरंजीव ठिणगीस ताईचे भरभरून आशीर्वाद.

तू लिहू नकोस, मी मायना लिहिणार. कागदाच्या वरच्या बाजूला काहीतरी थंड असलेलं बरं, खाली तू असतोस.

तू फोन भिंतीवर आपटलास आणि नवा घेणार नाही म्हणून हट्ट धरून बसलास, त्यामुळे या वयात मला पोस्टाच्या पेटीपर्यंत चालावं लागतंय. तब्येतीला चांगलं आहे म्हणतात.

तुझी उत्तरं. छप्पर आहे, पण आमच्या बाजूला. पाहुण्यांची बाजू उघडी, तीन पायऱ्या, समोर तारेचं कुंपण, मागे मुतारी. वारा सुटला की सामना सोडून भलत्याच गोष्टीकडे लक्ष जातं. दारावर लाल रंगात 'पाहुणे' लिहिलंय आणि खाली बाण. आमच्या गावात पाहुणे म्हणजे ज्यांना कुंपणात ठेवतात ते. तिकीट दारावर. ढोल नेता येतो, काठ्या बाहेर ठेवायला लावतात, मग तो हाताने बडवा.

आणखी एक. सामना संपल्यावर पाहुण्यांना लगेच सोडत नाहीत. आमचे लोक पांगेपर्यंत बसवून ठेवतात. मागे एकदा दगडफेक झाली होती, तेव्हापासून. म्हणून म्हणते, साधा शर्ट घालून ये आणि माझ्याबरोबर छपराखाली बस. सामना संपला की सरळ घरी. तुझे भावोजी वायरमन आहेत हे तू विसरला नसशील. मैदानावरचे दिवे आणि भोंगे सामन्याच्या दिवशी त्यांच्याच हातात असतात. आपल्याला तिकीटही लागत नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: होय, भोंग्यावर तिचाच आवाज असतो. हे लिहिताना भावोजी शेजारी बसून पंखा दुरुस्त करताहेत आणि उगाच खोकताहेत. सर्दी असेल.

आणि बरं का, सरांशी भांडण झालं म्हणून तू कॉलेज सोडलंस असं मावशी, म्हणजे तुझी आई, सगळ्यांना सांगते. त्या भांडणाच्या आठवडाभर आधी शेवटचं वर्ष संपवून ती मुलगी गावी परतली होती, हे तिला ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही. एवढं तरी माझ्या नावावर जमा धर.

तुझी
ताई


१५ जानेवारी

ताई,

साधा शर्ट घालणार नाही. आमच्या संघाचा निळा घालून येणार आणि मुतारीपुढे बसणार. परक्यांच्या छपराखाली तोंड मिटून बसणारे बसोत. आमचा गोल झाला आणि मी ओरडलो नाही तर मी आलो कशाला?

तू म्हणशील, तू गोलसाठी येतोयस थोडाच. बरं, तसं. तू आईजवळ तोंड उघडलं नाहीस म्हणून तुला सांगतो. परत विचारू नकोस.

स्नेहसंमेलनात ती निवेदन करायची आणि मी पडदा ओढायचो. माझं नेहमी आधी व्हायचं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात दोरीवर. मग ती माईकवर हात ठेवून मागे वळायची आणि म्हणायची, "थांबा हं, पडदेवाले." मला अहोजाहो. बाकी सगळ्यांना अरेतुरे. दोन वर्षं हे चाललं. यात कोणाला काही दिसणार नाही, मला माहीत आहे.

ती गावी निघाली तेव्हा मी स्टँडवर गेलो. गाडी सुरू झाल्यावर विचारलं. आधी विचारायचं धाडस झालं नाही, हेही लिहून टाकतो. खिडकीची काच बंद होती. मी ओरडून विचारलं, "थांबू का मी तुझ्यासाठी?" ती काहीतरी बोलली. ओठ हलले. गाडीचा आवाज, शेजारी पेरू विकणाऱ्याचा आवाज. ऐकू आलं नाही.

नंतर दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. त्यातल्या दुसऱ्या पत्राची वाट बघता बघता फोन भिंतीवर गेला. फोनचा काही संबंध नव्हता.

ती काय म्हणाली एवढंच मला हवं आहे. हो म्हणाली असेल तर थांबेन. नाही म्हणाली असेल तर तसं. पण काचेमागे काहीतरी म्हणाली आणि मी टायरांना ठिगळं लावत बसलोय, हे चालणार नाही.

भाऊ


२० जानेवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. बसायचं तिथे बस. थंडी आहे, निळ्याच्या आत काहीतरी गरम घाल, वरून दिसणार नाही.

घरी आलास तर बरं वाटेल. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या घरून निघताना मी नीट बोललो नाही. भावोजींनी चपात्या बांधून दिल्या त्याबद्दलही काही म्हणालो नाही. बस चुकली असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. खरं काय झालं ते लिहितो, कारण आता मला तुझी मदत लागणार आहे.

तुमचं मैदान मी समजत होतो त्याहून लहान निघालं. एका गोलच्या मागे सुताराचा कारखाना. चेंडू भिंतीपलीकडे गेला की सुतार हातातलं फळीचं काम संपवून मगच तो परत टाकतो, आणि पंच घड्याळ बंद करून उभे राहतात. कोणाला त्यात काही वाटत नाही. गोलफलकावरचा दोनचा आकडा हरवलाय, म्हणून तिथे शून्यावर खडूने दोन लिहितात. तुम्ही आम्हाला दोन मारले तेव्हा कळलं.

आम्ही बावीस-पंचवीसजण. पुढे आमचा भोंग्या, म्हणजे ज्याच्या गळ्यात कायम पिपाणी असते तो. कुंपणापलीकडून तुमची शाळेतली पोरं विचारत होती, "काका, वास येतोय का?" भोंग्या म्हणाला, "तुमच्या खेळाचा येतोय." एवढंच काय ते वैर.

पहिली घोषणा झाली आणि तिचा आवाज आला. "मैदानावर सर्वांचं स्वागत." मी उभाच राहिलो. मागचा म्हणाला, बस की रे. माईकची खोली छपराच्या टोकाला आहे आणि तिची काच आमच्याकडून नुसती चमकते. आत कोण आहे दिसत नाही. पुन्हा काचच.

गोल कोणी केला, कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, हे सगळं एक सर्दी झालेला म्हातारा सांगत होता. आमच्या लंबूचं नाव त्याने दोनदा चुकवलं. ती फक्त ठरावीक सूचना देत होती. पिण्याचं पाणी कुठे, वाहनं कुठे. मला वाटलं, कामं वाटून घेतली असतील.

दोन-एकने हरलो. आमचा गोल शेवटी आला, मी ओरडलो, आवाज बसला. मग शिट्टी झाली, तुमचे लोक उठले, आमच्या दाराला कडी लागली. आणि ती बोलली. शब्दन् शब्द लिहितो:

"पाहुण्या प्रेक्षकांना विनंती आहे, की त्यांनी… थांबा हं… पुढील सूचना मिळेपर्यंत आपापल्या जागी बसून राहावं."

ताई, अशा सूचनेत कोणी 'थांबा हं' म्हणतं का? माईकवर, हजार माणसांपुढे? अहोजाहो, आणि वर 'हं'. आमची माणसंही हसली. भोंग्या म्हणाला, "काय गोड बोलतात, अडवतात पण." त्यांना हसू आलं, मला घाम फुटला. मी निळा घालून पहिल्या पायरीवर उभा होतो. काचेतून तिला मी दिसलो. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिने मला सगळ्यांदेखत दिलं आणि कोणाला कळलंही नाही.

पुढचं हसू नकोस. थोड्या वेळाने तो सर्दीवाला म्हणाला, "पाहुणे आता निघू शकतात." सगळे निघाले. मी निघालो नाही. मला थांबायला तिने सांगितलं होतं. जायला त्याने सांगितलं, तिने नव्हे. भोंग्या दोनदा बोलवायला आला. मी त्याला नको ते बोललो. बस गेली. झाडूवाल्या बाईने माझ्या पायाखालचं झाडून घेतलं. मग भावोजी वायरींचं वेटोळं खांद्यावर घेऊन खाली आले आणि म्हणाले, "अरे, तू होय!" मला स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं.

तिच्या दाराशी मी मुद्दाम गेलो नाही. थांबा म्हणजे थांबा. एकदा तरी पडदा वेळेवर ओढावा म्हटलं.

आता मदत. टायरवाल्याला मी सांगून टाकलंय, या महिन्याने बस. तुमच्या गावात काम बघतो, सुताराकडेसुद्धा चालेल. मैदानाजवळ एखादी खोली असेल तर बघून ठेव. आईला मी सांगेन.

तुझा
भाऊ


८ फेब्रुवारी

ठिणग्या,

आज मायना लिहीत नाही.

खोली बघणार नाही. टायरवाल्याकडे जा आणि बोललास ते मागे घे. हे आधी कर, मग पुढचं वाच.

ती इथे नाही. ऑक्टोबरमध्येच नोकरी लागून गेली, समुद्रापलीकडे. जाण्याआधी भावोजींनी तिच्याकडून ठरावीक सूचना बोलून घेतल्या आणि मोबाइलमध्ये भरून ठेवल्या, म्हणजे प्रत्येक सामन्याला कोणाला शोधायला नको. स्वागत, पाणी, वाहनं, पाहुणे. बाकीचं तिचे काका बोलतात, त्यांची सर्दी बारमाही आहे. काचेमागे ते आणि तुझे भावोजी होते. बटण भावोजींनी दाबलं.

'थांबा हं' भावोजींना होतं. बोलता बोलता तिच्या घशात खवखव झाली, म्हणून ती म्हणाली थांबा हं, पाणी प्यायली, आणि पुढचं बोलली. मधलं पाणी भावोजींनी कापलं, ते दोन शब्द कापायचे राहिले. गावात सगळ्यांना पाठ आहे ते. शाळेतली पोरं फळ्याशी बाई अडल्या की एका सुरात म्हणतात. ती त्या सामन्यालाही तेच म्हणाली, त्याआधीच्या सामन्यालाही, आणि पुढच्या सामन्यालाही तेच म्हणेल.

भोंग्यावर तिचाच आवाज असतो असं मी तुला लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि ते कशासाठी लिहिलं ते तुला कळेल. मे महिन्यापासून तू घरी गेला नाहीस. मावशी फोनवर दर वेळी आधी हवापाण्याचं बोलते, मग तुझं विचारते. नुसतं 'ये' म्हटलं असतं तर तू आला असतास का? घरी आणून, समोर बसवून सांगावं असं ठरवलं होतं. तू जेवायला बसलास, दुसऱ्यांदा भात घेतलास, आणि इतका शांत होतास की माझी जीभ उचलेना. आमच्या लग्नापासून तुला इतका शांत कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, सामना हरल्याने असेल.

एक राहिलं. जायच्या आधी ती घरी आली होती, माझा शिवणाचा, मापं काढलेला कागद परत द्यायला. तू पुन्हा कॉलेजला जायला लागलास का, असं विचारत होती. मी नाही म्हटलं. मग ती बराच वेळ चप्पल घालत होती. म्हणाली, "मी त्याला गाडीतून नको म्हटलं होतं. काच होती, ऐकू गेलं नसेल. मग वाटलं, कळलं असेल." तुझी पत्रं तिला पोचली होती. लिहून नाही म्हणणं तिच्याच्याने झालं नाही.

ती 'नको' म्हणाली. तुला हवं होतं ते उत्तर हे.

ताई


११ फेब्रुवारी

तू बटण दाबायला नवऱ्याला बसवलंस आणि मला कुंपणात बसवलंस. गावातली पोरंसोरं पाठ म्हणतात आणि मी एकटा त्यावर नोकरी सोडायला निघालो. मला यापुढे पत्र लिहू नकोस. आईकडून निरोप पाठवू नकोस. तुमच्या चपात्या मी खायला नको होत्या.


१९ मार्च

चि. ठिणगीस आशीर्वाद.

लिहू नकोस म्हणालास, महिनाभर लिहिलं नाही. आता कामाचं आहे.

भावोजींनी तिचं ते वाक्य पुसलं. मी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी मोबाइल घेऊन माझ्यापुढे बसले आणि म्हणाले, बोल. मग मी बोलले. आता पाहुण्यांना मी बसवून ठेवते. पहिल्या सामन्याला माझा आवाज ऐकून शाळेतली पोरं खट्टू झाली. एक कारटं भावोजींना म्हणालं, "काका, आधीची मावशी बरी होती, ही ओरडते."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा संघ तुमच्याकडे खेळायला येतोय. गावातून बस निघणार आहे. भावोजींना सुट्टी आहे. आम्ही दोघं येतोय, मावशीकडे उतरू. पाहुण्यांच्या बाजूला बसू, लाल घालून.

तुमच्याकडे छप्पर आहे का?

ताई


२५ मार्च

ताई,

छप्पर आहे. पाहुण्यांच्या बाजूलासुद्धा आहे, एका कोपऱ्यात गळतं. डावीकडे बसा. भावोजींना भोंगे बघून राग येईल. आमचे गेल्या वर्षापासून खरखरतात आणि कोणी हात लावत नाही.

टायरवाल्याने मला परत ठेवलं. म्हणाला, तू गेला होतास कधी? मी काम सोडतो असं म्हणतो तेव्हा तो ऐकतच नाही, असं दिसतंय. भोंग्याची माफी मागितली. त्याने पिपाणी माझ्या कानात वाजवली आणि फिटलं म्हणाला.

ते वाक्य पुसलं ते बरं केलं. दोन दिवस वाटलं की पुसायला नको होतं. मग गेलं ते. 'नको' हा शब्द काचेमागून कसा दिसतो ते मी आरशापुढे म्हणून बघितलं. ओठ आधी उघडतात, मग पुढे येऊन गोल राहतात. तसेच होते. मी पाहिलं होतं.

रविवारी घरी गेलो होतो. आईने आधी हवापाण्याचं विचारलं. तुम्ही येताय म्हणून तिने आत्तापासून चादरी धुवायला काढल्यात. मीही त्या शनिवारी तिकडेच झोपायला येईन. कॉलेजचं काय झालं ते पत्रात विचारू नकोस. समोर विचारलंस तर सांगेन.

आमच्याकडे पाहुण्यांना अडवून ठेवत नाहीत. शिट्टी झाली की दार उघडतं. गर्दीत ढकलाढकली होते, भावोजींचा हात सोडू नकोस. बाहेर आलात की उजव्या हाताला दिव्याचा खांब आहे. मी निळ्यात असेन, तिथेच उभा.

तुम्ही सावकाश या. मी थांबतो.

तुझा
भाऊ